न बदलणारा आकडा कसा सापडतो? पोकेमॉनच्या मेमरीतला एक पद्धतीचा प्रश्न

चल म्हणजे जो बदलतो तो, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पेटच्या तयारीत तर हे पहिल्याच पानावर येतं. आता एक उलटा प्रश्न. एखादी राशी एकदा ठरली की पुन्हा कधीच बदलत नाही, कुठे दिसतही नाही, पण प्रत्येक निकालात तिचा हात असतो. अशी राशी शोधायची कशी?

हा प्रश्न जनुकशास्त्रात येतो, मानसशास्त्रात येतो, अर्थशास्त्रात तर रोज येतो. पण तो अगदी स्वच्छ स्वरूपात बघायचा असेल तर मी एका जुन्या व्हिडिओ गेमकडे बोट दाखवेन: पोकेमॉन. कारण इथे राशी नेमकी कुठे लिहिली आहे, किती बिटमध्ये लिहिली आहे आणि तिचं सूत्र काय, हे सगळं शेवटी तपासता येतं. आपल्या विषयात अशी उत्तरपत्रिका कधीच मिळत नाही.

या लेखात दोन गोष्टींची चिकित्सा करायची आहे. एक, गेमची मेमरी चाळून छुपे आकडे शोधायची जी नेहमीची पद्धत आहे तिची. दोन, आकडा मेमरीत सापडला म्हणजे सत्य सापडलं, या समजुतीची. गेम खेळलेला नसेल तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जातो.

गेम काय लपवतो

पोकेमॉनचे पहिले गेम, रेड आणि ग्रीन, १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या हातातल्या यंत्रासाठी आले. तुम्ही प्राणी पकडता, त्यांना लढवता, त्यांची लेव्हल वाढते. प्रत्येक प्राण्याचे स्टॅट पडद्यावर दिसतात: एचपी म्हणजे जीव, अटॅक, डिफेन्स, स्पीड आणि स्पेशल.

एकाच जातीचे, एकाच लेव्हलचे दोन प्राणी घेतले तरी त्यांचे स्टॅट थोडे वेगळे निघतात. याचं कारण दोन छुप्या गोष्टी. पहिली, प्रत्येक प्राण्याला मिळतानाच ० ते १५ मधले काही आकडे चिकटतात आणि ते आयुष्यभर तसेच राहतात. खेळणारे त्यांना डीव्ही म्हणतात. तिसऱ्या पिढीतल्या गेममध्ये ते ० ते ३१ झाले आणि आयव्ही हे नाव रूढ झालं. दुसरी, लढून लढून साचत जाणारा सराव. तोही दिसत नाही, पण तो वाढतो.

म्हणजे एक जन्मजात आणि एक कमावलेली, अशा दोन छुप्या राशी आणि त्यांची एकत्र बेरीज होऊन दिसणारा एक आकडा. संशोधनाची तयारी करणाऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटायला हवं.

आधी पडद्यावरूनच मोजून बघू

मेमरीत हात घालण्याआधी साधा मार्ग तपासू. सूत्र माहीत असेल तर दिसणाऱ्या स्टॅटवरून उलटं गणित करून डीव्ही काढता येईल का?

पहिल्या पिढीत सराव शून्य असताना अटॅकचं सूत्र असं आहे: जातीचा मूळ आकडा अधिक डीव्ही, त्याची दुप्पट, गुणिले लेव्हल, भागिले १००, अपूर्णांक सोडून द्यायचा, मग ५ मिळवायचे. बल्बासॉर या प्राण्याचा अटॅकचा मूळ आकडा ४९ आहे. गेमच्या सुरुवातीला तो लेव्हल ५ चा मिळतो. आकडे घालून बघा. डीव्ही ० असेल तर अटॅक ९ येतो. डीव्ही १ पासून १० पर्यंत काहीही असो, अटॅक १० च येतो. ११ ते १५ असेल तर ११.

म्हणजे सोळा शक्यता आणि मोजपट्टीवर खुणा फक्त तीन. पडद्यावर १० दिसलं तर डीव्ही १ आहे की १० हे सांगायचा कोणताच मार्ग नाही. पुन्हा पुन्हा बघून उपयोग नाही, कारण चूक यादृच्छिक नाहीच, उपकरणच ठोकळ आहे. नमुना वाढवला की अचूकता वाढते, हे वाक्य इथे लागू पडत नाही.

बरं, लेव्हल ५० ला नेलं तर? तिथे सूत्र सुटसुटीत होतं: ४९ अधिक डीव्ही अधिक ५. प्रत्येक डीव्हीला वेगळा अटॅक, ५४ पासून ६९ पर्यंत. मोजपट्टी बारीक झाली. पण लेव्हल ५० ला पोचायचं तर लढावं लागतं, आणि लढलं की सराव साचतो. लेव्हल ५० ला पूर्ण सरावाचा हातभार ३१ पर्यंत जातो, डीव्हीचा जास्तीत जास्त १५. ज्याच्यामुळे मोजपट्टी बारीक झाली त्यानेच मापात दुप्पट भेसळ केली.

यावर गेममध्येच एक तोड आहे. रेअर कँडी खाऊ घातली की लेव्हल वाढते आणि सराव वाढत नाही. कँडी देत देत वर नेलं, आणि वाटेत उत्क्रांती होऊ दिली नाही (नाहीतर जातीचा मूळ आकडाच बदलतो), तर भेसळ टळते. याला नियंत्रित प्रयोग म्हणतात. महाग आहे, वेळखाऊ आहे, पण बरोबर आहे. मेमरी वाचणं यापेक्षा सोपं म्हणून लोक तिकडे वळतात. तिथे काय होतं ते आता बघू.

मेमरी स्कॅन कुठे अडतो

मेमरी चाळायची नेहमीची कृती अशी. गेम एम्युलेटरवर चालवायचा. गेम बॉयची कामाची मेमरी ८ केबी, म्हणजे ८,१९२ बाइट. सुरुवातीला सगळेच बाइट संशयित. मग गेममध्ये मार खायचा, एचपी १९ चा १५ झाला की विचारायचं: कोणते बाइट आत्ता १५ आहेत आणि मघाशी १९ होते? पुन्हा मार खायचा, पुन्हा विचारायचं. चार-पाच फेऱ्यांत एखाददुसरा पत्ता उरतो. तोच एचपीचा.

ही पद्धत सुंदर आहे, आणि ती चालते याचं एकच कारण: एचपी बदलतो, आणि आपण त्याला हवं तेव्हा बदलवू शकतो. बदल हाच तिचा प्रकाश आहे.

डीव्ही बदलत नाही. मग स्कॅन करणारा उलटी चाळणी लावतो: जे बाइट बदलले नाहीत ते ठेवा. दहा फेऱ्या मारा, पन्नास मारा, हजारो बाइट उरतातच. कारण मेमरीचा मोठा भाग कोणत्याही क्षणी निवांत पडलेला असतो. न वापरलेली जागा बदलत नाही, तुमचं नाव बदलत नाही, जातीचा क्रमांक बदलत नाही. स्थिर असणं हा ओळखीचा पुरावा होत नाही, कारण स्थिर असण्यात डीव्ही एकटा नाही.

अर्थशास्त्रात पॅनल डेटा शिकलेल्यांना इथे काहीतरी आठवेल. एकाच व्यक्तीची वर्षानुवर्षांची माहिती घेऊन फिक्स्ड इफेक्ट पद्धत लावली की व्यक्तीचे न बदलणारे सगळे गुण समीकरणातून गळून पडतात. जन्मगाव, आईवडिलांचं शिक्षण, सगळं एकाच थैलीत जातं. त्यांचा परिणाम नसतो असं नाही. काळानुसार बदल बघणाऱ्या पद्धतीला ते वेगवेगळे दिसूच शकत नाहीत. मेमरी स्कॅनची मर्यादा हीच आहे, फक्त कपडे वेगळे.

इंटरनेटवरच्या बऱ्याच मार्गदर्शक लेखांवर माझा आक्षेप इथे आहे. ते शेवटी एक पत्ता हातात ठेवतात: या जागी बघा, डीव्ही मिळेल. पत्ता बरोबर असतो. पण तो कसा सापडला हे सांगितलेलं नसतं, त्यामुळे गेमची आवृत्ती बदलली की वाचक पुन्हा शून्यावर. येलो या आवृत्तीत याच माहितीचे पत्ते रेडपेक्षा एका बाइटने सरकलेले आहेत. एका बाइटने! पत्ता पाठ करणारा तिथे शेजारचा बाइट वाचतो, त्यातही कुठलातरी आकडा असतोच, आणि तो खुशाल तोच डीव्ही म्हणून लिहून घेतो.

वेळ बदलू नका, व्यक्ती बदला

मग योग्य मार्ग कोणता? राशी एका व्यक्तीत बदलत नसेल तर व्यक्ती बदलायची.

गेमच्या सुरुवातीला प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत टेबलावर तीन चेंडू असतात. बल्बासॉरचा चेंडू उचलण्याच्या अगदी आधी गेम सेव्ह करा. उचला, मेमरीची नोंद घ्या. रीसेट करा, तोच चेंडू पुन्हा उचला, पुन्हा नोंद घ्या. असं वीसेक वेळा.

आता या रचनेत काय काय बांधलं गेलं ते बघा. जात तीच. लेव्हल ५ च. अनुभवाचे गुण तेच. सराव शून्य. मालकाचा क्रमांकही तोच, कारण सेव्ह तोच. प्रत्येक वेळी नव्याने ठरतो तो फक्त डीव्ही, आणि त्याच्यामुळे ठरणारे स्टॅट.

एचपीचा पत्ता आपल्याला आधीच्या स्कॅनमधून माहीत आहे. संघातल्या दुसऱ्या प्राण्याचा एचपी पहिल्यापासून ४४ बाइट पुढे सापडतो, म्हणजे एका प्राण्याची नोंद ४४ बाइटची. वीस नोंदी एकाखाली एक लावा. बहुतेक रकाने वरपासून खालपर्यंत सारखे असतील. जे वेगळे असतील त्यातले काही पडद्यावर दिसणारे स्टॅट आहेत, त्यांच्यावर काट मारा. उरतात दोन बाइट, नोंदीच्या सुरुवातीपासून २७ बाइट सोडून पुढचे. तेच डीव्ही.

एवढ्यासाठी कोणतंही विशेष सॉफ्टवेअर लागलं नाही. लागली ती तुलनेची रचना. आणि ही रचना आवृत्ती बदलली तरी टिकते, कारण ती पत्त्यावर उभी नाही. तुम्ही उद्या एखादा प्रबंध वाचाल तेव्हा निष्कर्षाआधी हेच विचारा: यांनी काय काय बांधून ठेवलं होतं आणि काय मोकळं सोडलं होतं?

सापडला, पण कळला का?

दोन बाइट म्हणजे सोळा बिट. ० ते १५ मधला आकडा चार बिटांत मावतो. म्हणजे दोन बाइटमध्ये चार डीव्ही. स्टॅट मात्र पाच आहेत. पाचवा कुठाय?

नुसतं मेमरीत बघत राहणारा इथे अडकतो. तो पाचव्या डीव्हीचा पत्ता शोधत बसतो आणि तो मिळत नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नाही. कळायला हस्तक्षेप करावा लागतो. लेव्हल १०० चा एखादा प्राणी घ्या, मेमरीत त्याचा अटॅकचा डीव्ही १४ असेल तर १५ करा, मग त्याला गेममधल्या संगणकात ठेवून परत काढा. पहिल्या पिढीत असं केलं की स्टॅट नव्याने मोजले जातात. अटॅक २ ने वाढेल, हे अपेक्षितच. पण त्याच वेळी एचपी १६ ने वाढेल.

कारण एचपीचा डीव्ही हा बाकीच्या चार डीव्हींच्या शेवटच्या बिटांपासून बनवलेला आहे. अटॅक विषम असेल तर ८, डिफेन्स विषम असेल तर ४, स्पीडला २, स्पेशलला १. अटॅक १४ चा १५ झाला, म्हणजे सम होता तो विषम झाला, म्हणून एचपीच्या डीव्हीत ८ ची भर, आणि लेव्हल १०० ला त्याची दुप्पट.

एक राशी हलवली की एकच परिणाम हलेल, ही आपली मनातली रेघ इथे तुटते. साठवलेली राशी आणि काढलेली राशी यांत फरक आहे. बीएमआय हा वजन आणि उंचीवरून काढतात हे विसरून कोणी वजन आणि बीएमआय यांचा सहसंबंध शोध म्हणून मांडला, तर मार्गदर्शक हसतील. पण तयार डेटासेटमधले शंभर रकाने उघडून बसल्यावर कोणता रकाना मोजलेला आणि कोणता दुसऱ्यावरून बनवलेला, हे किती जण तपासतात?

काटकसरीतून जन्मलेला सहसंबंध

आता या गेमवरची माझी मुख्य टीका.

१९९९ साली दुसऱ्या पिढीचे गोल्ड आणि सिल्व्हर आले. त्यात प्राण्यांना नर-मादी भेद आला, आणि क्वचित वेगळ्या रंगाचा प्राणीही निघू लागला, ज्याला शायनी म्हणतात. पण जुन्या गेममधून नव्यात प्राणी पाठवायची सोयही ठेवायची होती, आणि जुन्या ४४ बाइटच्या साच्यात लिंगाचा रकाना नव्हता. मग ते कुठून काढायचं? त्याच दोन बाइटांतून. लिंग ठरलं अटॅकच्या डीव्हीवरून. ज्या जातीत नर-मादी निम्मे-निम्मे असतात, तिथे अटॅकचा डीव्ही ० ते ७ म्हणजे मादी, ८ ते १५ म्हणजे नर.

परिणाम बघा. अशा जातीत मादीचा अटॅकचा डीव्ही सरासरी ३.५, नराचा ११.५. लेव्हल १०० ला हा १६ गुणांचा फरक आहे, आणि एकही मादी कोणत्याही नराच्या बरोबरीला येऊ शकत नाही. सुरुवातीला मिळणाऱ्या तीन प्राण्यांच्या जातीत मादी आठांत एक, म्हणजे अटॅकचा डीव्ही ० किंवा १ असेल तरच. शायनी व्हायचं तर डिफेन्स, स्पीड आणि स्पेशल तिन्ही १० हवेत आणि अटॅक २, ३, ६, ७, १०, ११, १४ किंवा १५ हवा. गणित केलं तर ८,१९२ मध्ये एक. पण त्या यादीत ० आणि १ नाहीत. म्हणून त्या तीन जातींत शायनी मादी दुसऱ्या पिढीत निघूच शकत नाही. दुर्मीळ नव्हे, अशक्य.

समजा कोणी विद्यार्थ्याने या गेममधून हजार प्राण्यांची माहिती गोळा केली आणि लिंगानुसार अटॅकची तुलना केली. पी व्हॅल्यू इतकी लहान येईल की परीक्षकही खूश. तो लिहील: माद्यांची आक्रमणक्षमता लक्षणीयरीत्या कमी आहे. आकडेवारी चोख, नमुना पुरेसा, चाचणी योग्य. आणि निष्कर्ष? तो प्राण्यांबद्दल नाहीच. तो एका प्रोग्रामरने जागा वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयाबद्दल आहे.

जुन्या गेमशी जोडून राहायची अडचण समजण्यासारखी आहे. पण चार डीव्हींमधून नेमका अटॅकच लिंगाला बांधायचा, तोही कमी आकडा मादीला, यात अडचणीपेक्षा निष्काळजीपणा जास्त दिसतो. चारही डीव्हींचे शेवटचे बिट घेऊन एचपी काढायची युक्ती त्यांना आधीच माहीत होती. तसंच एखादं मिश्रण लिंगासाठी घेतलं असतं तर कोणत्याही एका स्टॅटवर भार पडला नसता. खेळणाऱ्या मुलांना हा नियम कोणी सांगितला नाही, त्यांनी फक्त अनुभव घेतला की माद्या हल्ल्यात कमी पडतात. कारण लपलेलं आणि परिणाम दिसणारा, अशा वेळी माणूस कारण स्वतःच्या मनातून भरतो.

आणखी एक बारकी गोष्ट. १९९६ च्या गेममध्ये पकडलेला प्राणी गोल्डमध्ये पाठवला तर त्याला लिंग मिळतं. ते त्याच्या जुन्या डीव्हीवरूनच ठरतं. म्हणजे आकडा तोच राहिला, आणि त्याच्या नंतर तीन वर्षांनी त्याला नवा अर्थ मिळाला. न बदलणारी राशी म्हणतो तेव्हा न बदलणारं नेमकं काय असतं, हा प्रश्न इथून सुरू होतो.

किल्ली दारावरच टांगलेली

२००२ च्या रुबी आणि सफायरमध्ये सगळा साचा नव्याने केला. लिंग आता आयव्हीवर अवलंबून नाही. प्रत्येक प्राण्याला ३२ बिटांचा एक वेगळा व्यक्तिमत्त्व-क्रमांक मिळतो आणि लिंग, स्वभाव वगैरे त्यावरून ठरतं. सहा आयव्ही, प्रत्येकी पाच बिट, असे तीस बिट सलग लिहिलेले. म्हणजे १,०७,३७,४१,८२४ वेगवेगळी मिश्रणं. मादी कमकुवत असण्याचं कारण संपलं. ही सुधारणा मनापासून मान्य करायला हवी.

पण वर सांगितलेली वीस नोंदींची तुलना इथे चालत नाही. संघातल्या प्राण्याची नोंद १०० बाइटची आहे, आणि त्यातले ४८ बाइट कुलूपबंद असतात. व्यक्तिमत्त्व-क्रमांक आणि मालकाचा क्रमांक यांचं एक्सॉर करून किल्ली बनते, आणि तिने ते ४८ बाइट झाकले जातात. शिवाय हे ४८ बाइट १२-१२ च्या चार तुकड्यांत असतात, आणि ते कोणत्या क्रमाने ठेवायचे हेही प्रत्येक प्राण्याला वेगळं: व्यक्तिमत्त्व-क्रमांकाला २४ ने भागून जी बाकी उरेल त्यावरून. दोन प्राण्यांची जात एकच असली तरी मेमरीत ती वेगळ्या जागी, वेगळ्या आकड्यात दिसते. नोंदी एकाखाली एक लावल्या की जवळजवळ सगळेच रकाने वेगळे. पहिल्या पिढीत फरक फार थोडे होते म्हणून पद्धत चालली. इथे फरकच फरक, म्हणून ती आंधळी होते.

गंमत म्हणजे किल्लीचे दोन्ही भाग त्याच नोंदीच्या पहिल्या आठ बाइटांत उघडे लिहिलेले आहेत. कुलूप लावलं आणि किल्ली दारावरच टांगली. ते कळल्यावर सगळं दोन ओळींच्या प्रोग्रामचं काम. पण ते कळायला मेमरीकडे कितीही टक लावून बघितलं तरी पुरत नाही, गेमचा कोड उकलून वाचावा लागतो. डेटा कसा तयार झाला हे वाचल्याशिवाय डेटा वाचता येत नाही, याचं इतकं रोखठोक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कोड वाचल्यावर आणखी एक गोष्ट उघड होते. व्यक्तिमत्त्व-क्रमांक आणि आयव्ही एकाच यादृच्छिक आकड्यांच्या साखळीतून, एकामागून एक उचलले जातात. कागदावर स्वतंत्र दिसणाऱ्या दोन राशी खरं तर सख्खी भावंडं आहेत. म्हणून हाताने बनवलेला खोटा प्राणी पकडता येतो: त्याचा प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे शक्य असतो, पण ती जोडी एकत्र जन्मूच शकत नाही.

आकडा तोच, किंमत वेगळी

पुढे गेमने स्वतःच थोडं थोडं उघड करायला सुरुवात केली. २००६ च्या डायमंड आणि पर्लमध्ये प्रत्येक प्राण्याच्या माहितीत स्वभावासारखं दिसणारं एक वाक्य येतं. त्यावरून कोणता आयव्ही सर्वांत मोठा आणि त्याला ५ ने भागून बाकी किती, एवढं कळतं. पूर्ण उत्तर नाही, पण प्रामाणिक इशारा आहे.

२०१६ च्या सन आणि मून या गेममध्ये तर जन्मजात नशिबावर तोडगाच आला. लेव्हल १०० चा प्राणी आणि एक खास बूच दिलं की कमी आयव्ही असलेला स्टॅट पूर्ण आयव्ही असल्यासारखा मोजला जातो. इथे लक्ष द्या. मेमरीतला आयव्ही बदलत नाही. तो होता तसाच राहतो, पिल्लांना तोच जातो, फक्त शेजारी एक खूण लागते की हा स्टॅट मोजताना ३१ धरा.

आता सांगा, या प्राण्याचा खरा आयव्ही किती? मेमरी वाचणारा म्हणेल, ४. लढणारा म्हणेल, ३१. दोघांनीही बरोबर वाचलंय. फरक एवढाच की पहिल्याने आकडा कुठे साठवला आहे ते पाहिलं, दुसऱ्याने तो कुठे वापरला जातो ते पाहिलं. मेमरी म्हणजे सत्य असं मानणाऱ्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही. कशासाठी विचारताय, पिल्लांसाठी की लढतीसाठी, एवढा उलटा प्रश्न विचारणाऱ्याकडे आहे.

गेमबद्दल माझं मत एका दमात सांगायचं तर असं: पहिल्या पिढीची काटकसर हुशार, दुसऱ्या पिढीने तिला लिंग टांगलं ती चूक, तिसऱ्याने चूक सुधारली, आणि सर्वांत चांगला निर्णय यायला वीस वर्षं लागली. तोपर्यंत कित्येकांनी चांगल्या आकड्याच्या शोधात शेकडो अंडी उबवून बाकीची पिल्लं सोडून दिली, कारण जन्मतः मिळालेल्या पाच बिटांवर सरावाने मात करता येत नव्हती. गेम तोंडाने मेहनत शिकवत होता आणि हिशेबात जन्म मोजत होता.

मेमरी स्कॅनबद्दल: बदलणाऱ्या राशीसाठी तिच्यासारखं हत्यार नाही. न बदलणाऱ्या राशीसाठी ती एकटी कुचकामी आहे. तिला तुलनेची रचना जोडा, मग हस्तक्षेप जोडा, मग कोड वाचा. क्रमही साधारण हाच ठेवा, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला न सुटलेला प्रश्न घेऊन येते.

संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा तुमच्या मुख्य राशीपुढे चार प्रश्न लिहून ठेवा. ही एका व्यक्तीत बदलते की फक्त व्यक्ती-व्यक्तींत? ही मोजलेली आहे की दुसऱ्या कशावरून काढलेली? माझी मोजपट्टी तिच्या किती शक्यता वेगळ्या दाखवू शकते? आणि हा आकडा ज्याने रकान्यात लिहिला, त्याने तो कशासाठी लिहिला होता? चौथ्याचं उत्तर बहुतेक वेळा डेटासोबत येत नाही, ते वेगळं शोधावं लागतं. मुलाखतीत परीक्षक फिरून फिरून तिथेच येतात.